विहिरीवरचा पंप पाणी ओढत नाही: कुळागरासाठी सक्शनचा हिशेब

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, केपे भागातल्या कुळागरांतून, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांतून, एकच तक्रार ऐकू येते. पंप सुरू होतो, मोटार नेहमीसारखी घुमते, पण पाणी एक तर येतच नाही किंवा करंगळीएवढी धार येऊन थांबते. कोणी म्हणतं पंपाने हवा धरली, कोणी म्हणतं मोटार कमजोर झाली, आणि दीड एचपीच्या जागी तीन एचपीचा पंप बसतो. बहुतेक वेळा तोही तसाच वागतो, कधी कधी आधीच्यापेक्षा वाईट. दोष पंपाच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे सक्शन पाइपात असतो, आणि तिथे मोटारीची ताकद चालतच नाही.

विहिरीवरचा पंप, ठिबकला खत देणारी व्हेंचुरी, झरीवरून पाणी आणणारा सायफन, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाणी ओढलं जात नाही, ढकललं जातं. एका बाजूचा दाब उतरला की दुसऱ्या बाजूचा दाब पाण्याला तिकडे लोटतो, त्यालाच आपण सक्शन म्हणतो. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की कुठला पाइप घ्यायचा, पंप कुठे बसवायचा आणि बिघाड कुठे शोधायचा, हे कागदावर आकडे मांडून ठरवता येतं.

एकूण जमा: १०.३ मीटर

विहिरीतल्या पाण्यावर हवा सतत दाबत असते. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं फिरतं चाक, पाणी बाहेर भिरकावतो, त्यामुळे त्याच्या मधल्या तोंडाशी दाब उतरतो, आणि विहिरीवरची हवा पाण्याला पाइपातून त्या तोंडाकडे ढकलते. तोंडाशी दाब अगदी शून्यावर नेला तरी ही ढकल १०.३ मीटरच्या पुढे जात नाही. पाच एचपी लावा की पन्नास, वरच्या हवेचं वजन तेवढंच राहतं.

चारशे वर्षांपूर्वी विहिरी खोदणाऱ्यांना आणि पंप करणाऱ्यांना ही मर्यादा अनुभवाने माहीत होती, कारण माहीत नव्हतं. १६३८ मध्ये गॅलिलिओने लिहिलं की पाण्याचा स्तंभ ठराविक उंचीनंतर स्वतःच्या वजनाने तुटतो, जशी फार लांब दोरी तुटेल तशी. १६४४ मध्ये त्याच्या शिष्यवर्गातल्या टॉरिचेलीने पाऱ्याची नळी उभी करून खरं कारण सांगितलं: स्तंभाला वरून कोणी धरलेलंच नाही, खालून हवा त्याला तोलून धरते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून तो ७६ सेंटिमीटरवर थांबतो. १६४८ मध्ये पास्कालने सांगितल्यावरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या एका डोंगरावर तीच नळी नेली, आणि उंचीवर हवा विरळ असल्याने पारा खाली उतरलेला दिसला. आपल्याकडे फोंडा, डिचोली, केपे हे सगळे भाग एवढे सखल आहेत की ही घट मनात धरायची गरज नाही. चोर्ला घाटाच्या माथ्यावर बाग असेल तर मात्र जवळपास एक मीटर कमी धरा.

हे १०.३ मीटर म्हणजे खिशात घेऊन निघालेले पैसे समजा. त्यात भर पडत नाही. प्रत्येक गोष्ट त्यातूनच खर्च होते: पाणी वर चढवणं, पाइपातलं घर्षण, फूट-व्हॉल्व (पाइपाच्या बुडाशी असलेली, पाणी परत जाऊ न देणारी झडप), बेंड. शिवाय पंपाच्या तोंडाशी पोचल्यावर काही रक्कम शिल्लक असावी लागते, नाहीतर पंप पाणी घेत नाही.

दोन कपाती सुरुवातीलाच करा. पहिली वाफेची. दाब फार उतरला की पाणी नेहमीच्या तापमानातच उकळू लागतं. ३० अंशांच्या पाण्यासाठी ही सीमा साधारण ०.४ मीटर आहे, म्हणजे हाती उरतात ९.९. दुसरी कपात पंपाची स्वतःची. कंपनीच्या माहितीपत्रकात एनपीएसएच नावाचा आकडा मीटरमध्ये दिलेला असतो. तोंडाशी निदान इतका दाब शिल्लक हवा, असा त्याचा अर्थ. पंपाप्रमाणे तो बदलतो, म्हणून दुकानदाराकडून तो आलेख मागून घ्या. इथे उदाहरणासाठी तो ३ मीटर धरतो, आणि वर ०.६ मीटर सुरक्षेसाठी. राहिले ६.३ मीटर. पाणी चढवण्याचा आणि पाइपाचा खर्च मिळून याच्या आत बसला पाहिजे. मोठा पंप अनेकदा वाईट वागतो त्याचं उत्तर इथेच आहे: तो जास्त पाणी मागतो, जास्त पाण्याने पाइपातला खर्च वाढतो, आणि बहुधा त्याचा एनपीएसएचही जास्त असतो.

पाणी कुठे आहे ते मोजा, मे महिन्यात आणि पंप चालू असताना

ऑक्टोबरात विहीर काठोकाठ असते, तेव्हा घेतलेलं माप काही कामाचं नाही. जांभ्यातल्या विहिरीची पातळी पावसाळ्याच्या तोंडावर सर्वांत खाली जाते. तेव्हाच मोजा, आणि पंप तासभर चालवून पाणी जिथे येऊन ठरतं तिथे मोजा. उपसा सुरू असताना पातळी आणखी खाली उतरते, आणि पंपाला त्या उतरलेल्या पातळीवरूनच पाणी घ्यायचं असतं. मोजमाप पाण्यापासून पंपाच्या मध्यापर्यंत घ्यायचं, विहिरीच्या काठापर्यंत नव्हे. दोरीला वजन बांधून सोडली तरी पुरे, मात्र दोरी भिजून ताणली जाणारी नसावी.

आपल्या उदाहरणात हे माप ५.५ मीटर आलं असं धरू. मग ६.३ मधून ५.५ गेले, पाइपासाठी उरले फक्त ०.८ मीटर. आता सगळं पाइपावर अवलंबून आहे.

पाइपाचा खर्च

वाहत्या पाण्याचा वेग हा या भागातला मुख्य आकडा. वेगाचा वर्ग करा, १९.६ ने भागा. मीटर प्रति सेकंदात वेग असेल तर उत्तर पाण्याच्या मीटरमध्ये येतं. याला वेगाचा हिस्सा म्हणू. पाइपातला प्रत्येक अडथळा या हिश्श्याच्या काही पट दाब खातो.

सेकंदाला ३ लिटर पाणी हवं आहे आणि सक्शन पाइप एकूण १० मीटर लांब आहे, असं धरा. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात वेग १.५ मीटर प्रति सेकंद, वेगाचा हिस्सा ०.१२ मीटर. थोडा जुना झालेला पाइप या लांबीत त्याच्या ४ पट खातो. झडप वर उचलली जाणारा फूट-व्हॉल्व जाळीसकट ८ पटीपर्यंत खाऊ शकतो. बिजागरीच्या झडपेचा चांगला फूट-व्हॉल्व दीड-दोन पटीतच भागवतो. एक बेंड, साधारण १ पट. बेरीज १३ पट, म्हणजे १.५५ मीटर. आपल्याकडे होते ०.८. हा पाइप मे महिन्यात चालणार नाही.

४० मिलिमीटरच्या पाइपात वेग २.४ वर जातो आणि तोच हिशेब ४ मीटरच्या वर पोचतो. दुकानात स्वस्त पडतो म्हणून हाच पाइप सर्रास बसवला जातो. पाणी वर असेपर्यंत तो निभावतो, आणि बागेला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा दगा देतो. ६५ मिलिमीटरच्या पाइपात मात्र वेग ०.९ वर उतरतो आणि सगळा खर्च अर्ध्या मीटरमध्ये आटोपतो. पंप तोच, विहीर तीच, फक्त पाइप दोन आकारांनी मोठा. पंपाच्या तोंडाचा व्यास ५० असला म्हणून सक्शन पाइपही ५० चाच हवा, असा काही नियम नाही. माझं ठाम मत असं की नवा पंप घेण्याआधी सक्शनचा पाइप आणि फूट-व्हॉल्व बदलून पाहावा. खर्च कमी आणि गुण जास्त.

पाइप बदलणं यंदा शक्य नसेल तर डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जातं त्या बाजूचा, व्हॉल्व थोडा आवळा. घर्षण पाण्याच्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतं. ३ लिटरऐवजी २ लिटर घेतलं तर ५० च्या पाइपातला १.५५ मीटरचा खर्च ०.७ वर येतो, आणि ०.८ मध्ये बसतो. कमी प्रवाहाला पंपाचा एनपीएसएचही उतरतो. धार बारीक होईल, पण अखंड राहील. सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व मात्र चुकूनही आवळू नका. ती पंपाच्याच तोंडाशी केलेली अडवणूक ठरते.

वेग आणि दाब यांचं खरं नातं

इथे डॅनियल बर्नूलीचं नाव घ्यावंच लागतं. १७३८ मध्ये त्याने मांडलेला विचार असा: एकाच प्रवाहाच्या वाटेवर, घर्षण बाजूला ठेवलं तर, दाब, उंची आणि वेगाचा हिस्सा यांची बेरीज कायम राहते. पाइप अरुंद झाला की पाण्याला वेग घ्यावा लागतो, आणि तेवढा दाब उतरतो. शाळेत आपण म्हणतो, वेग वाढल्यामुळे दाब कमी झाला. कार्यकारण लावायचं तर उलट लावा. मागचा दाब जास्त आणि पुढचा कमी असतो म्हणूनच पाण्याचा तो थेंब वेग घेतो. दाबातला फरक हे कारण, वाढलेला वेग हा परिणाम.

वेगासाठी दिलेला दाब पाइप पुन्हा रुंद केला तर बराचसा परत मिळतो. घर्षणात गेलेला परत येत नाही, त्याची उष्णता होते. सक्शन पाइपात घर्षणाचा वाटा मोठा आणि वेगाचा छोटा असतो. व्हेंचुरीत नेमकं याच्या उलट.

एक गैरसमज दूर करायला घरच्या घरी प्रयोग करता येतो. कागदाची पट्टी ओठाशी धरून तिच्यावरून फुंकर मारली की लोंबणारी पट्टी वर उचलली जाते, आणि सांगितलं जातं की वरच्या हवेला वेग आहे म्हणून तिथला दाब कमी. आता तीच पट्टी सरळ खाली सोडा आणि एकाच बाजूने, पट्टीला समांतर, वरून खाली फुंकर मारा. वेग तेवढाच आहे, तरी पट्टी फुंकरीकडे जवळजवळ झुकत नाही. तोंडातून बाहेर पडलेली हवा आणि खोलीतली स्थिर हवा हे दोन वेगळे प्रवाह आहेत. त्यांची बेरीज एकमेकींशी जुळवता येत नाही. पहिल्या वेळी पट्टी उचलली गेली ती हवा तिच्या वाकलेल्या पाठीवरून वळली म्हणून. प्रवाह वळतो तेव्हा वळणाच्या आतल्या अंगाला दाब कमी आणि बाहेरच्या अंगाला जास्त असतो.

पंपघराच्या पत्र्यांचंही असंच आहे. वारा छपराच्या कडेवरून वळून जातो, कडेलगत दाब उतरतो आणि आतली हवा पत्र्याला खालून ढकलते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो, आणि छपराच्या कडेला, कोपऱ्याला उचल याहूनही जास्त होऊ शकते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. तसलं काही पुन्हा आलं तर निभावायचं असेल तर मधले स्क्रू मोजत बसण्याआधी कडेच्या आणि कोपऱ्याच्या रांगेत जादा हूक मारून घ्या.

जोडणी

फूट-व्हॉल्व मे महिन्यातल्या पातळीच्या निदान अर्धा मीटर खाली असू द्या, शक्य तर मीटरभर. वर राहिला तर पाण्यावर भोवरा पडतो आणि त्याच्या पोकळीतून हवा थेट पाइपात शिरते. तळापासून तो हातभर वर ठेवा, नाहीतर गाळ येईल. जांभ्याच्या काही विहिरींत जाळीवर तांबूस साका धरतो. दर वर्षी मार्च-एप्रिलात जाळी बाहेर काढून घासली पाहिजे, कारण अर्धी बुजलेली जाळी वरचा सगळा हिशेब मोडते. विहिरीत माणूस उतरवण्याआधी पंपाचा मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवावा.

आडवा पाइप विहिरीकडून पंपाकडे जाताना सतत थोडा चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा आला तर तिथे हवेचा फुगा अडकतो आणि हलत नाही. पाइप मोठा आणि पंपाचं तोंड छोटं असेल तर रिड्यूसर लागतो. तो वरच्या अंगाला सपाट आणि खालच्या अंगाला निमुळता असाच घ्या. दोन्ही बाजूंनी निमुळत्या रिड्यूसरच्या वरच्या पोकळीत हवा साचते. बेंड कमीत कमी, आणि पंपाच्या तोंडाला लागूनच बेंड नको. मध्ये पाइपाच्या व्यासाच्या पाच-सहा पट सरळ तुकडा ठेवा. बागेत पाणी मारायचा मऊ पाइप सक्शनला लावू नका, बाहेरची हवा त्याला चपटा करते. लवचीक पाइप हवाच असेल तर आत कडक वेटोळं असलेला सक्शन होज मिळतो.

सांध्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. डिलिव्हरीचा सांधा गळतो तेव्हा पाणी दिसतं. सक्शनचा सांधा गळतो तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि बाहेरून हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि दोषी तोच असतो. पंप चालू ठेवून दाढीच्या साबणाचा दाट फेस प्रत्येक सांध्याला, शाफ्टभोवतीच्या ग्लँडला आणि प्रायमिंगच्या, म्हणजे पंपात आधी पाणी भरायच्या, बुचाला लावा. जिथे फट आहे तिथे फेसात बारीक खड्डा पडेल आणि फेस आत शोषला जाताना दिसेल.

पाणी भरूनच पंप का चालवायचा

इम्पेलर जे काही हाती येईल ते भिरकावतो. पंप ३० मीटर हेडचा असेल तर पाण्याने भरलेला असताना तो ३० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाबाचा फरक तयार करतो. आत हवा असली तर तो ३० मीटर हवेच्या स्तंभाइतका फरक तयार करतो, आणि हवा पाण्याहून आठशे पटींहून जास्त हलकी. तो फरक पाण्यात मोजला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. साडेपाच मीटर खालचं पाणी त्याने वर येणं शक्यच नाही. प्रायमिंगशिवाय साधा मोनोब्लॉक पाणी का उचलत नाही, ते एवढ्यावरून कळतं.

म्हणून बूच उघडा, सावकाश पाणी ओता, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, शाफ्ट हाताने थोडा फिरवा आणि पुन्हा ओता. ओतलेलं पाणी भरून राहत नसेल तर फूट-व्हॉल्वची झडप बसत नाही. बहुधा तिच्याखाली कचरा अडकलेला असतो. सुरू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व जवळजवळ बंद ठेवा आणि दाब आल्यावर हळूहळू उघडा.

एक गेज लावा, अर्धे वाद मिटतील

पंपाच्या सक्शन तोंडाजवळ कंपाउंड गेज बसवून घ्या, म्हणजे शून्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे वाचणारा. नुसता व्हॅक्यूम गेज नको. पंप बंद झाल्यावर डिलिव्हरीतल्या पाण्याचं वजन त्याच्यावर येऊन तो बिघडू शकतो. गेजवर आकडा मिलिमीटर पाऱ्यात असतो. त्याला १३.६ ने गुणून हजाराने भागलं की पाण्याचे मीटर मिळतात.

पंप पाणी देऊ लागला की डिलिव्हरीचा व्हॉल्व पूर्ण बंद करा, काही सेकंदच. प्रवाह थांबला म्हणजे घर्षण नाही, वेग नाही. आता गेज फक्त चढण दाखवतो. ५.५ मीटर चढण असेल तर काटा ४०० च्या थोडा पुढे दिसेल. मग व्हॉल्व उघडा आणि धार नेहमीची होऊ द्या. काटा जेवढा पुढे सरकला तेवढा पाइपाचा खर्च, त्यात वेगाचा छोटा हिस्सा धरून. ६५ च्या पाइपावर तो ४४५ च्या आसपास यायला हवा. काटा ५०० च्या बराच पुढे गेला तर जाळी बुजली आहे किंवा पाइप आतून साकळला आहे. दोन्ही आकडे पंपघराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेच्या आसपासचा आकडा शेजारी आला की बदल लगेच कळतो.

धार कमी आहे आणि काटाही नेहमीपेक्षा कमी दाखवतो, तर कुठून तरी हवा येते आहे. काटा शून्यावरच पडून आहे, तर प्रायमिंग सुटलं. काटा थरथरतो आहे आणि पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो आहे, तर तोंडाशी पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होताहेत आणि इम्पेलरच्या पात्यांत शिरताच दाब वाढून फुटताहेत. हे फुटणं इतकं जोरदार असतं की ओतीव लोखंडाच्या पात्याला खड्डे पडतात. हा आवाज आला की डिलिव्हरी आवळा. आवाज थांबेपर्यंत आवळा. तसा पंप दिवसभर चालू ठेवणं म्हणजे इम्पेलर विकत घेण्याची तयारी करणं.

विहीरच खोल असेल, चढण सात मीटरच्या पुढे जात असेल, तर या मार्गाचा नाद सोडा. विहिरीच्या कड्यावर टप्पा करून पंप खाली न्यावा, पण पावसाळ्यात पाणी वर येण्याआधी तो वर काढावा लागतो. सबमर्सिबल पाण्यातच राहतो, त्याला चढणीचा खर्चच नाही. जेट पंपात वरून परत पाठवलेलं थोडं पाणी खालच्या नोझलमधून वेगाने सोडतात. तिथे दाब उतरतो, विहिरीचं पाणी त्यात ढकललं जातं आणि पुढच्या रुंद होणाऱ्या नळीत वेगाचा पुन्हा दाब होतो. वीज जास्त खातो, पण मोटार वर कोरड्या जागी राहते.

व्हेंचुरीने खत देताना

इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये अरुंद होणाऱ्या नळीतल्या प्रवाहाचे प्रयोग प्रसिद्ध केले. ठिबकवरचं ते छोटं प्लॅस्टिकचं उपकरण त्याच्याच नावाने ओळखलं जातं. लाइनमध्ये १.५ किलोचा दाब, म्हणजे १५ मीटर आहे. बादलीतलं खत आत यायचं तर व्हेंचुरीच्या गळ्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी हवा. तो २ मीटरने कमी करायचा तर एकूण १७ मीटर दाब वेगात बदलावा लागतो, आणि त्यासाठी गळ्यात वेग सेकंदाला १८ मीटरच्या घरात हवा. गळा ६ मिलिमीटरचा असेल तर मिनिटाला सुमारे ३० लिटर पाणी त्यातून गेलंच पाहिजे.

म्हणून ती मुख्य लाइनवरच न बसवता बाजूच्या फाट्यावर बसवा आणि मुख्य लाइनवर दोन फाट्यांच्या मध्ये गेट व्हॉल्व ठेवा. आधी गेट व्हॉल्व पूर्ण उघडा, व्हेंचुरीचे दोन्ही व्हॉल्व उघडा, मग गेट व्हॉल्व हळूहळू आवळा. एका टप्प्यावर बादलीतल्या नळीत द्रावण चढताना दिसेल. तिथून थोडंसंच पुढे जा. जास्त आवळलं तर ठिबकचा शेवटचा माड आणि पोफळ कोरडी राहील. बाहेर पडणाऱ्या बाजूला दाब साठला, म्हणजे फिल्टर बुजला किंवा लाइन चढावर असली, तर गळ्यातला दाब उतरत नाही आणि पाणी उलटं बादलीत येतं. त्यासाठी नळीवर एक छोटा नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व हवाच. पंप बंद पडताच खत विहिरीकडे परत जाऊ नये म्हणून मात्र तसाच व्हॉल्व मुख्य लाइनवर पंपाच्या बाजूला लागतो. जीवामृत द्यायचं तर आधी बारीक कापडाने गाळा. काम झालं की दहा मिनिटं साधं पाणी चालवा.

झरीवरून सायफन

डोंगराच्या कुशीतल्या कुळागराला झरीचं पाणी बांधावरून पलीकडे न्यायचं असेल तर विजेची गरज नाही. पलीकडचं तोंड झरीच्या पातळीखाली हवं. किती पाणी येईल ते या फरकावर ठरतं, बांधाच्या उंचीवर नव्हे. २ मीटरचा फरक आणि २५ मिलिमीटरचा ३० मीटर लांब पाइप असेल तर मिनिटाला साधारण ३० लिटर मिळतील. बांधाच्या माथ्यावर मात्र पुन्हा तोच १०.३ चा हिशेब लागतो: तिथे दाब सर्वांत कमी असतो, म्हणून झरीच्या पातळीपासून माथा सहा मीटरच्या आतच ठेवावा. दोन्ही टोकं बंद करून माथ्यावरच्या टी मधून पाइप पूर्ण भरा, टीचं बूच घट्ट लावा, आधी झरीतलं बुडालेलं टोक उघडा, मग खालचं. तोंडाने ओढून सुरू करू नका. पाण्यातली विरघळलेली हवा माथ्यावर जमत जाते; धार मंदावली की टी मधून पुन्हा पाणी भरा.

तोंडाशी हात नको

पाण्याखालच्या उघड्या तोंडाबद्दल एक गोष्ट मुलांना आणि मजुरांना आवर्जून सांगा. चोडण-दिवाडीच्या खाजन शेतांत, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतांत, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरती-ओहोटीच्या दाबानेच मिटतात आणि उघडतात. ओहोटीला पाणी सुटतं तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला प्रवाह सौम्य वाटतो आणि पोरं जवळ जातात. पण अंगाने ते तोंड अडलं की प्रवाह थांबतो आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला पूर्ण फरक शरीरावर येतो. हातभर लांब-रुंद तोंड असेल, म्हणजे चौरस मीटरचा साधारण पाचवा हिस्सा, आणि पातळीत मीटरभर फरक असेल, तर ही ढकल दोनशे किलोच्या घरात जाते. दोन माणसांनी ओढूनही तो माणूस सुटत नाही. सुटतो तो पातळीतला फरक कमी केल्यावरच, म्हणजे दुसरं दार उघडून किंवा पलीकडे पाणी भरू देऊन. मोठ्या पंपाच्या जाळी नसलेल्या सक्शन पाइपाशीही हाच धोका आहे. जाळी घासताना किंवा कचरा काढताना पंप बंदच हवा, आणि मानशीचं पाणी सुटलेलं असताना तिच्या तोंडाशी कोणी उतरू नये.